एक बेस, दोन पिकअप, दोन अॅम्प: हा उद्योग नक्की कशासाठी?

बऱ्याच बेस गिटारवर पिकअप, म्हणजे तारेचं हलणं पकडणाऱ्या चुंबक-गुंडाळ्या, दोन असतात आणि वायर मात्र एकच बाहेर येते. आतमध्ये दोन्ही पिकअप एकमेकांना जोडलेले, कोणाचा आवाज किती ते आपण नॉबने ठरवतो आणि जे काय मिश्रण तयार होईल ते जातं एका अॅम्पला. आता काही लोकांना हे मिश्रण आतमध्ये व्हायलाच नको असतं, त्यांना दोन्ही पिकअप वेगवेगळे बाहेर काढून दोन अॅम्पना द्यायचे असतात, यालाच स्टिरिओ वायरिंग म्हणतात. फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठेही चार बेसवाले जमले की हा विषय कधी ना कधी निघतो, एक जण म्हणतो एकदम भारी, दुसरा म्हणतो गाडीत जागा नाही आणि तू अजून एक अॅम्प कुठे घेऊन येतोस. दोघांचंही बरोबर आहे, पण कुठे बरोबर ते समजायला आतलं काम थोडं बघावं लागतं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. इथे स्टिरिओ म्हणजे डाव्या कानात एक, उजव्या कानात एक असं काही नाही. गाणी ऐकताना जो स्टिरिओ असतो त्याच्याशी याचा संबंध फक्त वायरीपुरता. बेसचा आवाज डावीउजवीकडे पसरवून फार काही मिळत नाही, उलट खालचे सूर लेचेपेचे होतात. दोन वाटा करायच्या त्या कामं वाटून द्यायला, एक पिकअप जमीन हलवणार आणि दुसरा दात दाखवणार, एवढंच.

दोन पिकअपचा आवाज वेगळा का येतो? दोघं त्याच तारेकडे बघतात पण वेगवेगळ्या जागेवरून. नेकजवळ, म्हणजे गिटारच्या मानेच्या बाजूला, तार जास्त हलते, तिथे मूळ सूर जाड मिळतो. ब्रिजजवळ, म्हणजे तारेच्या खालच्या टोकापाशी, तार जेमतेम हलते, म्हणून तिथे मूळ सूर कमी आणि वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, त्या मानाने जास्त, आवाज टणक आणि नाकातला. शिवाय प्रत्येक जागेला काही हार्मोनिक ऐकूच येत नाहीत, म्हणजे समजा पिकअप बरोबर तारेच्या पाव लांबीवर बसवलाय तर मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक त्याला दिसणारच नाही कारण त्या हार्मोनिकसाठी तार तिथे हलतच नाही. म्हणून ब्रिजच्या पिकअपला बेस वाढवून नेकसारखा आवाज येत नाही, इक्वलायझर कितीही फिरवा, जे तिथे नाहीच ते वाढणार कुठून.

ठीक, मग दोन्ही आवाज आतमध्ये मिसळले तर बिघडतं काय? साधं स्वच्छ वाजवत असाल तर काहीच बिघडत नाही. 1960 साली फेंडर कंपनीचा जॅझ बेस बाजारात आला तेव्हापासून लोक दोन्ही नॉब फुल करून वाजवतायत आणि सुखी आहेत. भांडण सुरू होतं डिस्टॉर्शन लावल्यावर. फझ किंवा ओव्हरड्राइव्ह काय करतो तर सिग्नलची उंची एका मर्यादेपलीकडे गेली की ती छाटतो. बेसच्या सिग्नलमध्ये सगळ्यात मोठी लाट खालच्या सुराची असते, मोकळी ई तार म्हणजे साधारण 41 हर्ट्झ, आणि वरचे बारीक हार्मोनिक त्या मोठ्या लाटेच्या पाठीवर बसलेले असतात. मोठी लाट मर्यादेला टेकली की वरचं बारीकसारीक सगळं तिच्यासोबत कापलं जातं. बोरीच्या पुलावर पुढे ट्रक असला की मागच्या स्कूटरचं जे होतं तेच. परिणाम काय, तर आवाज घर्र घर्र होतो पण नोट कळत नाही, आणि वर गंमत म्हणजे ज्या खालच्या धक्क्यासाठी बेस ठेवलाय तोच नाहीसा होतो. बेसवर फझ लावला की बेस बॅंडमधून गायब होतो ही तक्रार ऐकली असेल, ती इथून येते.

उपाय सरळ आहे. नेकचा पिकअप स्वच्छ ठेवा आणि बेसच्या मोठ्या अॅम्पला द्या. ब्रिजचा पिकअप दुसऱ्या वाटेने काढा, त्याच्यावर काय फझ, कोरस, वाट्टेल ते लावा आणि दुसऱ्या अॅम्पला द्या. खालचा धक्का शाबूत, वर हवा तेवढा गोंधळ.

ही कल्पना नवीन नाही. रिकनबॅकर कंपनीच्या बऱ्याच गिटार आणि बेसवर रिक-ओ-साउंड नावाचा वेगळा स्टिरिओ जॅक असतो, दोन पिकअप दोन वाटांनी बाहेर काढायला. येस बॅंडचा ख्रिस स्क्वायर त्याच्या रिकनबॅकरमधून दोन पिकअप वेगवेगळ्या अॅम्पना द्यायचा. बेसवादक बिली शीहानने तर आपल्या फेंडर प्रिसिजन बेसला नेकपाशी गिब्सनचा एक जाडजूड हम्बकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) बसवून घेतला, खालच्या आवाजासाठी, आणि दोन वेगळे जॅक काढले, पुढे यामाहाने त्याच्यासाठी अॅटिट्यूड नावाचा बेस केला त्यालाही दोन आउटपुट आहेत. आणि द हू बॅंडचा जॉन एन्टविसल दोन अॅम्पचा खेळ वेगळ्या पद्धतीने करायचा, पिकअपऐवजी आवाजाच्या पट्ट्याप्रमाणे, खालचे सूर एका अॅम्पला आणि वरचे दुसऱ्याला. या दुसऱ्या पद्धतीकडे आपण नंतर येऊ कारण माझ्या मते बहुतेकांना तीच पुरेशी आहे.

आता बेसच्या आत. पॅसिव्ह बेस असेल, म्हणजे बॅटरी नसलेला, आणि प्रत्येक पिकअपला स्वतःचा व्हॉल्युम असेल, तर काम फार नाही. दोन्ही व्हॉल्युमच्या पुढे जिथे गरम, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या, वायरी एकत्र येतात तो जोड तोडायचा आणि साध्या जॅकऐवजी स्टिरिओ जॅक लावायचा. स्टिरिओ जॅकला तीन जागा असतात, टिप, रिंग आणि स्लीव्ह. एक पिकअप टिपवर, दुसरा रिंगवर, अर्थ स्लीव्हवर. भोक तेच, लाकूड कापायची गरज नाही. बाहेर एक वाय केबल, एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिन.

टोन नॉबकडे मात्र लक्ष ठेवा. जॅझ बेसच्या नेहमीच्या वायरिंगमध्ये टोन दोघांना मिळून एकच असतो, म्हणजे तो दोन्ही पिकअप जोडलेल्या जागीच लागलेला असतो. तो कोणाला तरी एकालाच ठेवा किंवा एकावर एक बसणारे दुहेरी पॉट (नॉबखालचे फिरणारे भाग) आणा. मी म्हणेन नेकला टोन ठेवा आणि ब्रिजला काढूनच टाका, ज्या वाटेवर फझ लावणार तिथे बेसवरचा टोन बंद करून काय करणार.

आणि एक छोटा टॉगल स्विच नक्की लावा, कारण रोज दोन अॅम्प नेणार नाही आहात. इथे बरेच लोक फसतात. टिप आणि रिंग एकमेकांना जोडणारा स्विच लावला की मोनो होईल असं वाटतं, पण साधी मोनो केबल लावली की तिची पिन आतमध्ये रिंगला थेट अर्थला टेकवते, आणि रिंग टिपला जोडलेली, म्हणजे सगळंच अर्थला गेलं आणि बेस मुका. बरोबर पद्धत अशी की दुसऱ्या पिकअपची गरम वायर स्विचच्या मधल्या पायाला, स्विचचा एक बाजूचा पाय टिपला आणि दुसरा रिंगला. एका बाजूला केलं की दोन्ही पिकअप टिपवर, नेहमीचा मोनो बेस, रिंग अर्थला टेकली तरी तिच्यावर कोणी नाही. दुसऱ्या बाजूला केलं की स्टिरिओ.

बॅटरीवाला अॅक्टिव्ह बेस असेल तर थांबा. त्यात स्टिरिओ जॅक आधीच असतो, पण तो बॅटरी चालूबंद करायला वापरलेला असतो, बॅटरीची काळी वायर रिंगवर असते आणि मोनो पिन आत गेली की तीच रिंगला अर्थ करते आणि सर्किट चालू होतं. अशा बेसला स्टिरिओ केबल लावली तर बॅटरी चालूच होणार नाही. शिवाय प्रीअॅम्प, म्हणजे बॅटरीवर चालणारं ते आतलं सर्किट, दोन्ही पिकअप मिसळल्यानंतर बसलेला असतो. तिथे दोन वाटा काढायच्या म्हणजे दुसरा जॅक, कदाचित दुसरा प्रीअॅम्प, बरंच उघडावं लागतं, आणि ते कुठल्यातरी हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं.

एक फायदा आणि एक तोटा असा आहे की जो आधी कोणी सांगत नाही. फायदा हा की पॅसिव्ह पिकअप एकत्र जोडलेले असताना एकमेकांवर ओझं टाकतात, वेगळे केल्यावर दोघंही थोडे मोकळे, चमकदार वाजतात. तोटा आहे हमचा, म्हणजे विजेच्या घूं आवाजाचा. आजकालच्या बहुतेक जॅझ बेसमध्ये दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, चुंबकही उलटे, म्हणून दोन्ही फुल असताना आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची घूं परस्पर मरते. दोघांना वेगळं केलं की प्रत्येक जण एकटा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, दोघंही घूं करणार, आणि त्यातल्या एकावर तुम्ही फझ लावणार म्हणजे ती घूं मोठी करून लोकांना ऐकवणार. लग्नाच्या हॉलमध्ये डिमरवाल्या लाइटी असतील तर विचारूच नका. म्हणून हा प्रयोग मनापासून करायचा असेल तर हम मारणारे पिकअप बसवलेला बेस घ्या. पी-जे बेस, म्हणजे एक प्रिसिजनचा आणि एक जॅझचा पिकअप असलेला, असेल तर त्यातला पी पिकअप मुळातच दोन तुकड्यांचा आणि हम मारणारा असतो, जे पिकअप तेवढा एकटा पडतो, तो बदलला की झालं.

इथपर्यंत सगळं सोपं. खरी डोकेदुखी सुरू होते ती वेगळे केलेले दोन आवाज परत एकत्र येतात तेव्हा, आणि ते येतातच, हवेत तरी किंवा मिक्सरमध्ये तरी. ऐकणारा माणूस एकच आहे ना.

पहिला प्रश्न पोलॅरिटीचा. काही अॅम्प आणि काही पेडल (फझसारखे पायाने चालवायचे डबे) सिग्नल उलटा करून बाहेर काढतात, म्हणजे एक स्पीकर पुढे येतोय तेव्हा दुसरा मागे जातोय. दोन अॅम्प एकेकटे छान वाजतात आणि दोन्ही चालू केले की बेस पातळ, पोटातला धक्काच नाही. दोघंजण जोर लावून एकमेकांना खोडतायत. तपासायला काही यंत्र नको. दोन्ही कॅब, म्हणजे स्पीकरचे खोके, शेजारी शेजारी ठेवा, आवाज सारखा करा, फझ बंद, मोकळी ई वाजवा आणि मधोमध उभे राहून ऐका. मग एकाची पोलॅरिटी उलटवा, काही डीआय बॉक्सवर (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणारा डबा) किंवा मिक्सरवर तसं बटण असतं, नाहीतर साध्या कॅबच्या आतल्या स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करा, अॅम्प बंद करून. ज्या स्थितीत आवाज जाड वाटेल ती बरोबर. अॅम्प किंवा पेडल बदललं की परत एकदा तपासायचं.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि हा डिजिटल पेडलमुळे जास्त झालाय. डिजिटल पेडल आवाजाचे आकडे करतं, त्यावर काम करतं आणि परत आवाज करतं, त्यात एक दोन मिलिसेकंद जातात. ऐकायला काही कळत नाही. पण एक वाट अॅनालॉग आणि दुसरी 2 मिलिसेकंद मागे असेल तर 250 हर्ट्झच्या आसपास दोघं बरोबर अर्धी लाट चुकतात आणि तिथे आवाजात खड्डा पडतो, वर अजून खड्डे. 250 हर्ट्झ म्हणजे बेसचा गाभा, नोट ओळखू येते ती बरीचशी तिथूनच. 2 मिलिसेकंदांत आवाज हवेत साधारण 70 सेंटीमीटर जातो, म्हणून फक्त अॅम्पवर वाजवत असाल तर उशीर असलेल्या वाटेचा कॅब तेवढा पुढे सरकवून बघा, फरक पडतो. पण साऊंडवाल्याने दोन्ही वाटा डीआयने घेतल्या असतील तर कॅब सरकवून उपयोग नाही, त्याला मिक्सरवर अॅनालॉग वाटेला तेवढाच उशीर लावायला सांगावं लागतं.

तिसरं, कॅब कुठे ठेवायचे. 41 हर्ट्झची एक लाट साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. दोन कॅब चिकटून असतील तर त्या लाटेला ते एकच वाटतात. पण हौसेने एक स्टेजच्या डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवला, तर ज्याला एक कॅब दुसऱ्यापेक्षा चार मीटर जास्त लांब पडतो त्याच्या जागी तो सूर जवळजवळ गायब होतो, आणि दोन पावलं बाजूला गेलं की परत येतो. म्हणून कॅब एकावर एक किंवा शेजारी.

यातल्या बऱ्याचशा भानगडींवर मिळून एक उपाय आहे आणि तो मला सगळ्यात पटतो. खालचे सूर दोन्ही वाटांनी पाठवूच नका. फझवाल्या वाटेला हाय-पास फिल्टर लावा, 200 हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, आणि जमीन हलवायचं काम एकाच अॅम्पकडे ठेवा. खाली एकटाच असेल तर भांडणार कोणाशी. शिवाय वॅट लागतात ते खालच्या सुरांनाच, त्यामुळे दुसरा अॅम्प छोटा चालतो, गिटारवाल्याचा तीस-चाळीस वॅटचा कॉम्बोसुद्धा, आणि हाय-पास असल्यामुळे बिचाऱ्या गिटारच्या स्पीकरवर बेस पडून त्याचा कागद फाटत नाही. गाडीतल्या जागेचा प्रश्नही बराच सुटतो.

अर्थिंगबद्दल मात्र गंमत नाही. दोन अॅम्प दोन वेगळ्या सॉकेटला, आणि दोघांना जोडणारी तुमची बेसची केबल, म्हणजे अर्थचा एक गोल फेरा तयार होतो आणि त्यातून घूं येते. सोपा पहिला उपाय, दोन्ही अॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरी राहिली तर एका वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला बॉक्स घाला, तो सिग्नल जाऊ देतो आणि अर्थ तोडतो. काही महाभाग काय करतात तर अॅम्पच्या प्लगची वरची जाडी पिन मोडतात किंवा टू-पिनचा अडॅप्टर लावतात, आणि हम जातो म्हणून खूश होतात. असं कधीच करू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये जनरेटरवर वाजवताय, पाय ओल्या वाळूत, हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी अॅम्पमध्ये काही बिघाड झाला तर करंटला जायला वाट तुमच्यातूनच आहे. दोन अॅम्प म्हणजे हा धोकाही दुप्पट.

आणि दोन अॅम्पचे स्पीकर आउटपुट एकाच कॅबला कधी जोडायचे नाहीत, अॅम्प जळतो. दोन अॅम्प, दोन कॅब.

प्रत्यक्ष वाजवताना एक साधी गोष्ट लोक विसरतात, ट्यूनर. तो एकाच वाटेवर असतो, त्याच्यावर पाय दिला की तीच वाट बंद, दुसरी चालू, आणि तुम्ही तारा पिळताय ते सगळ्या वऱ्हाडाला फझमधून ऐकू येतं. दोन्ही वाटा एकदम बंद करणारं काहीतरी हवंच, स्टिरिओ व्हॉल्युम पेडल घेतलं तर सगळ्यात बरं. दुसरं, आपल्याकडची खारी दमट हवा. जॅक आणि पिना हिरव्या पडतात, आणि स्टिरिओ जॅकमध्ये एक टेकण जास्त म्हणजे बिघडायला एक जागा जास्त. रिंगचं टेकण ढिलं झालं की ब्रिजचा पिकअप येतो जातो आणि माणूस उगाच पेडल बदलत बसतो. पावसाळ्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा पिशवीत असू द्या.

मोठ्या सभागृहात, म्हणजे फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर किंवा पणजीत कला अकादमीचं दीनानाथ मंगेशकर कला मंदिर वगैरे, किंवा तियात्राच्या, म्हणजे गोव्यातल्या कोकणी संगीत नाटकाच्या, बॅंडमध्ये वाजवत असाल तर स्टेजवरचा अॅम्प हा तुमच्यापुरताच, लोकांना ऐकू येतं ते हॉलच्या स्पीकरमधून. तिथे दोन डीआय द्या, साऊंडवाल्याला आधीच सांगा की बेसला दोन चॅनल लागतील, एक स्वच्छ एक घाण, आणि दोन्ही मधोमध ठेव, डावीउजवीकडे करू नकोस. त्याच्याकडे चॅनल नसेल किंवा त्याला वेळ नसेल, आणि सात बॅंड एका रात्रीत असले की नसतोच, तर छोट्या मिक्सरवर तुम्हीच दोन्ही वाटा एकत्र करून त्याला एकच वायर द्या. माझं मत विचाराल तर अशा कार्यक्रमांना हेच करावं, घरी निवांत बसून जुळवलेलं प्रमाण तिथे परक्या माणसाच्या हातात कशाला द्यायचं. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री दहाच्या आत लाउडस्पीकर सहसा बंद करायचे असतात, साउंडचेकला पाच मिनिटं मिळाली तरी खूप.

आता एन्टविसलवाली पद्धत. बेस उघडायचाच नाही. नेहमीचा मोनो सिग्नल बाहेर काढा, एका स्प्लिटरने दोन वाटा करा, एकीवर लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर), दुसरीवर हाय-पास आणि मग फझ. काही बेस पेडलमध्ये स्वच्छ आवाज मिसळायचा ब्लेंड नॉब असतो, ती याचीच छोटी आवृत्ती. यात दोन पिकअपचा वेगळा स्वभाव मिळत नाही, ब्रिजचा तो नाकातला टणक आवाज एकटा घेऊन त्यालाच चिरडायची मजा नाही. पण हम वाढत नाही, बॅटरीवाला बेसही चालतो आणि सोल्डरिंगचा खर्च शून्य. आधी महिनाभर हे करून बघा. यानेच काम भागलं तर बेसला हात लावू नका, नाही भागलं आणि ब्रिजचा पिकअप वेगळा हवाच असं वाटत राहिलं तर मग वायरिंग करा.

आणि ज्यांना स्टेजवर हे जमणार नाही त्यांनी घरी रेकॉर्डिंगला तरी करावं, तिथे याची खरी चैन आहे. दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस, दोन्ही पिकअप दोन ट्रॅकवर एकदम स्वच्छ घ्यायचे, फझ नंतर कॉम्प्युटरवर हव्या त्या ट्रॅकला. इनपुट मात्र गिटारचं निवडा, लाइनचं नको, नाहीतर पॅसिव्ह पिकअप मलूल वाजतात. पुढे एखादा ट्रॅक बाहेरच्या पेडलमधून परत फिरवून आणला आणि तो मागे पडला, तर स्क्रीनवर मोठं करून बघा, पहिल्या नोटची सुरुवात दोन्ही ट्रॅकवर दिसते, 48 किलोहर्ट्झला 2 मिलिसेकंद म्हणजे 96 सॅम्पल, तेवढा तो डावीकडे ओढायचा.